पोटात पाणी झालंय? आधी मिठाचा डबा बघा

गेल्या वर्षावासात एका रविवारी वंदना झाल्यावर एका वहिनींनी मला विहाराच्या पायरीवरच थांबवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाल्या, "सिस्टर, ह्यांचं पोट बघायला याल काय? वाडीत कुणाला सांगितलेलं नाय."

हॉस्पिटलची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण बौद्धवाडीत मी अजून सिस्टरच आहे. गेले. दादा रिक्षा चालवायचे, वय पन्नाशीच्या आत. खाटेवर टेकून बसले होते. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, बेंबी बाहेर आलेली, पाय सुजलेले. आणि दंड मात्र काठीसारखे. ओठ कोरडे पडून फुटले होते. विचारलं तेव्हा कळलं, वहिनी तीन आठवडे त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी देत होत्या. "डॉक्टर म्हणाले पोटात पाणी झालंय. म्हणून मी पाणीच बंद केलं," त्या म्हणाल्या. डाळ आणि अंडी जड म्हणून बंद केलेली. समोरच्या ताटात तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ, कडेला कैरीचं लोणचं आणि खाऱ्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून.

त्या बाईने तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून सेवा केली होती, आणि ती जवळजवळ सगळी उलटी पडली होती. यात तिची चूक किती? मी स्वतः वॉर्डात असताना डिस्चार्जच्या कागदावर बोट ठेवून शेकडो नातेवाइकांना "मीठ कमी करा हं" असं सांगून पुढच्या खाटेकडे वळलेय. किती कमी, कुठल्या चमच्याने, सुक्या मासळीचं काय, हे कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, कारण सिस्टरला वेळ नसतो हे सगळ्यांना ठाऊक. ते राहून गेलेलं सांगणं या पानावर सांगते.

पोटात पाणी होतं म्हणजे प्यालेलं पाणी तिथे साचतं असं नाही. आतड्यांकडून येणारं रक्त यकृतातून गाळून पुढे जातं. यकृत कडक झालं, गाठाळलं, की ती वाट तुंबते. पऱ्याचं तोंड बुजलं की पाणी बांध फोडून शेतात शिरतं, तसंच इथे होतं. त्यात यकृत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी बनवायला लागतं, म्हणून पाणी रक्तवाहिन्यांत धरून राहत नाही. मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी कमी पडलंय, आणि ती मीठ धरून ठेवतात. मीठ जिथे राहील तिथे पाणी जातं. म्हणून रोखायचं ते मीठ. पिण्याचं पाणी डॉक्टर फक्त काही रुग्णांना मोजून द्यायला सांगतात, ज्यांच्या रक्ततपासणीत सोडियम फार खाली गेलेलं असतं. तसं कागदावर लिहून दिलेलं नसेल तर तहानेला पाणी द्या.

आणखी एक. पोटातलं पाणी प्रत्येक वेळी यकृताचंच असतं असं नाही. पोटाचा क्षय, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, कॅन्सर यांतही पोट भरतं. म्हणून पहिल्यांदा पोट फुगलं की सोनोग्राफी आणि त्या पाण्याची तपासणी झालीच पाहिजे. जलोदर आहे असं शेजारच्या म्हातारीने ओळखलं, एवढ्यावर औषध सुरू करू नये.

आता मीठ. दिवसभराचं सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजीतलं, भाकरीतलं, पावातलं, सगळं आलं. म्हणून आम्ही वहिनींच्या घरी असं केलं: घरच्यांची आमटी-भाजी बिनमिठाची शिजवायची, दादांचं आधी काढून घ्यायचं आणि मग बाकीच्यांच्या टोपात मीठ टाकायचं. दादांसाठी सकाळीच एका रिकाम्या डबीत पाऊण चमचा मीठ काढून ठेवायचं. दिवसभरात ताटावर घ्यायचं ते त्या डबीतलंच. संपलं की संपलं. पहिले आठ दिवस दादांनी ताट सरकवलं, शिव्याही दिल्या. पंधरा-वीस दिवसांत जीभ सवयीला येते, पण ते पंधरा दिवस घरातल्या बाईची परीक्षा बघतात.

आपल्या कोकणात मीठ डब्यापेक्षा बाहेरच जास्त आहे. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, लोणचं, पापड, मिरगुंडं, खारातल्या कैऱ्या, फरसाण, बिस्किटं. कोकमाचं आगळ तर मिठातलंच, आणि बाजारची आमसुलंही बरेचदा मीठ लावून सुकवलेली असतात. पोट जड वाटतं म्हणून पाण्यात फसफसणारी पूड घेतात, तिच्यातही सोडियम ठासून भरलेलं. मग चव कशाने आणायची? लिंबू, चिंच, लसूण, आलं, मिरी, ओली मिरची, कोथिंबीर. ताज्या मासळीच्या कालवणात तिरफळ. ताजा मासा चालतो, सुका नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

सैंधव मीठ चालतं का, हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात. सैंधव हेही मीठच. आणि दुकानात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. पाण्यासाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही एकत्र आलं तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्याच कारणाने, बघायला येणारा प्रत्येकजण शहाळी घेऊन येतो त्याचंही डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला शहाळं हा आपल्याकडचा शिरस्ता आहे, मला माहीत आहे. त्याऐवजी अंडी आणा.

अंडी का, तर दंड काठीसारखे झालेत म्हणून. या आजारात पोट फुगतं आणि माणूस आतून वाळतो. काट्यावर वजन दिसतं ते पाण्याचं. डाळ, अंडी, मासे, चिकन, दूध बंद करायचं ही जुनी समजूत आता डॉक्टरही मानत नाहीत. उलट साठ किलोच्या माणसाला दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आपल्या घरांत तेवढी क्वचितच पोटात जातात. पोटातल्या दाबामुळे भूक दोन घासांत मरते. म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा. रात्री झोपण्यापूर्वीचं खाणं चुकवू नका: दूध आणि अर्धी भाकरी, नाहीतर नाचणीची पेज, नाहीतर शेंगदाणा-गुळाचा लाडू. साखर असेल तर गूळ नको. बिघडलेलं यकृत रात्रीपुरता साठा करून ठेवू शकत नाही, त्यामुळे पहाटेपर्यंत शरीर स्वतःचेच स्नायू खातं. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. या रुग्णाने ते करू नये. भिक्खूंनाही आजारपणात सवलत आहे.

वजनाचा काटा ही या आजारातली सगळ्यात स्वस्त तपासणी. सकाळी उठल्यावर लघवी करून यायचं, चहाच्या आधी, अंगावर रोजचे तेवढेच कपडे, आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर डॉक्टरांना कळवायचं, पोट कडक होईपर्यंत थांबायचं नाही. उतरण्यालाही मर्यादा आहे. पायाला सूज असेल तर दिवसाला एक किलोपर्यंत, सूज नसेल तर अर्ध्या किलोपर्यंत. त्याहून वेगाने वजन खाली आलं तर आनंद मानू नका, मूत्रपिंडांवर ताण येतोय. उलट्या-जुलाब लागले, लघवी कमी झाली, तरी पाण्याच्या गोळ्या तशाच चालू न ठेवता त्याच दिवशी विचारायचं.

कॅलेंडरवर आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केली. वजन दादांनी स्वतः लिहायचं आणि शेजारी सही करायची. वहिनींना वाटलं मी त्यांना कामाला लावतेय. कारण वेगळं होतं. आजारी यकृतातून न गाळलेलं विष रक्तातून मेंदूकडे जातं तेव्हा आधी झोप उलटी होते: दिवसा पेंग, रात्री जाग. मग चिडचिड, विसर, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, आणि अक्षर बिघडतं.

अश्विन पौर्णिमेच्या आधी चार दिवस वहिनींचा फोन आला. "सिस्टर, सही रेघेवरून खाली गेली. काल बरी होती." दादा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते. मी म्हटलं, ताबडतोब न्या. हॉस्पिटलात कळलं की तीन दिवस त्यांना संडासला झालं नव्हतं. शौच साफ व्हायला दिलेलं लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध त्यांनीच गुपचूप सोडलं होतं. या औषधाने दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावी लागते, तेवढ्याने ते विष बाहेर पडतं. पण त्यांचा संडास घरामागे चाळीस पावलांवर, वाटेत शेवाळलेला चिरा, वर पाऊस, आणि सुजलेल्या पायांनी सारखं उठून जायची लाज. कुठल्या डॉक्टरने विचारलं असतं हे? मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून घरात पडद्याआड बसायची खुर्ची आणि बादली आहे. पाण्याच्या गोळ्याही सकाळीच, म्हणजे रात्री अंधारात उठावं लागत नाही. ज्या वस्तीत संडास सार्वजनिक आहे तिथे तर हे आधी ठरवा आणि मग औषध सुरू करा. दोन दिवसांत दादा शुद्धीवर आले. रिक्षा मात्र त्यांनी चालवायची नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. ती आता पुतण्या चालवतो आणि संध्याकाळी हिशेब देतो.

असल्या रुग्णाला झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी कधीही देऊ नये. अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी गोळी किंवा इंजेक्शन मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. पॅरासिटामॉल चालतं, पण 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिवसाला, त्यापुढे नाही, आणि तेही डॉक्टरांना विचारून. काविळीच्या झाडपाल्याबद्दल बोललं की आपल्याकडे लोक रागावतात. रागवा. मुंबईच्या डॉक्टरांनी 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत असे सहा रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. करोनाच्या काळात आपल्या किती परसांत गुळवेलाचा काढा उकळत होता ते आठवा. खाडीकाठच्यांसाठी अजून एक: पायाला जखम असताना या रुग्णाने खाडीत कालवं काढायला उतरू नये, आणि अर्धी कच्ची कालवं-तिसऱ्या खाऊ नयेत. खाऱ्या पाण्यातला एक जंतू धडधाकट माणसाला सहसा फारसा जाणवत नाही, पण यकृत बिघडलेल्या माणसाचा दोन दिवसांत जीव घेऊ शकतो.

"एकदा पाणी काढलं की माणूस जातो," हे वाक्य मी रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत ऐकलंय. गोळ्यांनी पाणी हटत नाही किंवा श्वास कोंडतो तेव्हा पोटाच्या खालच्या बाजूला जागा बधिर करून सुईने पाणी काढतात. चार-पाच तासांत पाच-सात लिटर निघतं आणि माणूस कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतो. पाच लिटरच्या वर काढलं तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावं लागतं. ते महाग असतं, म्हणून रेशनकार्ड घेऊन आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारून घ्या. पाणी पुन्हा भरतं ते काढल्यामुळे नाही, आजार तिथेच आहे आणि मीठ चालू आहे म्हणून. लोक भीतीने शेवटपर्यंत थांबतात, आणि मग गेलेल्या माणसाचा दोष सुईला लागतो.

रात्री-अपरात्री न थांबता निघायचं ते कधी, हे वहिनींच्या चुलीमागच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. ताप आला किंवा पोट दुखायला लागलं, म्हणजे साचलेल्या पाण्यात जंतू शिरले असू शकतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच. बरळणं, न उठणं. लघवी जवळजवळ बंद होणं. बेंबीवरची कातडी फुटून पाणी गळणं. तिच्यावर नाणं बांधून बसू नये. यांतलं काहीही झालं की 108 ला फोन.

आता ते, जे वहिनी पायरीवर कुजबुजत बोलल्या. दादा प्यायचे. आपण पंचशील घेणारे लोक. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून आपल्या घरात यकृताचा आजार निघाला की आधी लाज येते, आणि लाजेपायी माणूस सहा महिने उशिरा दवाखान्यात पोचतो. दारू हे मोठं कारण आहेच, आणि ती सोडल्यावर काहींच्या पोटातलं पाणी काही महिन्यांत आटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून एक थेंबही नाही, यात मी तडजोड करत नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी, लठ्ठपणा, साखर यांनीही यकृत कडक होतं. अमिताभ बच्चन यांच्या यकृताचा मोठा भाग निकामी झालाय तो दारूने नाही, 1982 च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून आलेल्या हिपॅटायटिस बी ने. आणि समजा दारूनेच झालं असलं, तरी आजारी भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदाने स्वतःच्या हाताने धुतलं, तेव्हा तो का आजारी पडला याची चौकशी करत बसले नाहीत.

लाजेचा दुसरा वाटा बायकोच्या वाट्याला येतो. सासू म्हणते हिने धाकात ठेवला नाही, नणंद म्हणते हिने जेवण तोडलं म्हणून वाळला. आपल्या चळवळीला हे नवं नाही. माईसाहेब आंबेडकरांचं माहेरचं कबीर घराणं आपल्याच राजापूर तालुक्यातलं. त्या स्वतः डॉक्टर. 15 एप्रिल 1948 ला लग्न झाल्यापासून बाबासाहेबांचा मधुमेह, पायांच्या वेदना, पथ्य, इंजेक्शन हे सगळं त्यांनी सांभाळलं. आजार वेगळा होता, पण रोजचं काम हेच. 6 डिसेंबर 1956 नंतर त्यांच्यावर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं निघालं, तरी आपल्यातले अनेकजण कित्येक वर्षं त्यांच्याकडे पाठ करून राहिले. यावर आपल्यात अजून मतभेद आहेत. मला विचाराल तर आपण त्या बाईवर अन्याय केला.

सेवा करणाऱ्या जोडीदाराने स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल तर नवरा-बायको आणि मुलं सगळ्यांची रक्ततपासणी, आणि ज्यांना लागण नाही त्यांना लसीचे तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. ताट-पेला वेगळा करू नका, त्याने हा आजार पसरत नाही. ब्लेड, नेलकटर, दात घासायचा ब्रश मात्र वेगळा. 28 जुलै 2018 पासून बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात विचारा. प्रत्यारोपणाबद्दलही डॉक्टरांना लवकर विचारा, शेवटच्या आठवड्यात नाही. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख 14 ऑगस्ट 2012 ला चेन्नईत प्रत्यारोपणाची वाट पाहतानाच गेले. पोटात पाणी होणं हा आजाराचा पुढचा टप्पा आहे, ही गोष्ट डॉक्टरांनी आणि आपणही घरच्यांपासून लपवू नये.

वहिनी काजूच्या कारखान्यात जातात. सकाळी वजन, दोन वेगळ्या भाज्या, गोळ्या, बादली, मग कामावर, आणि रात्री दादा जागे म्हणून त्याही जाग्या. दिवाळीच्या सुमारास त्या चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगल्या आणि हात भाजून घेतला. तेव्हा महिला मंडळाने पाळ्या लावल्या. दोन रात्री पुतण्या दादांच्या खोलीत झोपतो, रविवारी दुपारी कुणीतरी दोन तास बसतं, आणि भेटायला जाताना फरसाण न्यायचं नाही हे सगळ्यांना बजावलं. पहिल्या रविवारी मला वाटलं वहिनी विहारात येतील. त्या घरीच आतल्या खोलीत दोन तास झोपल्या.

या महिन्यात दादांचं वजन अठ्ठावन्नच्या आसपास आहे आणि सही रेघेवर आहे. पोट आहे, पण मऊ. परवा त्यांनी मला विचारलं, एक तुकडा सुका बोंबील, महिन्यातून एकदा? मी नाही म्हटलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून मला काय ते कळलं.

मंडळाने वर्गणी काढून वजनाचा एक काटा घेतलाय. वाडीत अजून दोन घरांत लागतो, म्हणून तो फिरता आहे. खालच्या वाडीत कुणाला हवा असेल तर निरोप पाठवा, सकाळी सहाच्या आधी पोचता करू.